नाव नको, नाद सांगा

रविवार, जून १९९४. जागा: बारामतीतल्या आमच्या वाचनालयाचा मागचा व्हरांडा. हजर: सणसरच्या शाळेतल्या हिराबाई, निवृत्त पोस्टमास्तर काका, औषधाच्या दुकानातल्या शैलावहिनी, काटेवाडीचा दत्तू, ट्रॅक्टरच्या गॅरेजात कामाला, आणि मी, वाचनालयातली साहाय्यक, हजेरी घ्यायला. गैरहजर: येतो म्हणून शब्द दिलेले बाकी सगळे.

एवढंच तेव्हा लिहून ठेवलं होतं. खरं तर त्या दिवशी घडलेली महत्त्वाची गोष्ट हजेरीत नव्हतीच, म्हणून आता लिहिते आहे.

रविवारी व्हरांडा रिकामा असतो, तिथे 'काहीतरी शिकणाऱ्यांनी' जमावं, ही कल्पना हिराबाईंची. वाचनालयाच्या सेक्रेटरींनी परवानगी दिली ती एका अटीवर, की सगळं शिस्तीत झालं पाहिजे. शिस्त म्हणजे मी. तेव्हा मी पंचविशीची होते, पण याद्या करायची सवय आजच्याइतकीच पक्की होती. रीतीप्रमाणे मी म्हणाले, प्रत्येकाने आपलं नाव, गाव आणि व्यवसाय सांगून ओळख करून द्यावी. पोस्टमास्तर काका उभे राहिले, त्यांनी कोटाचं बटण लावलं, घसा साफ केला. तेवढ्यात हिराबाईंनी वर्गातल्या मुलीसारखा हात वर केला.

"नाव नको, गाव नको," त्या म्हणाल्या. "नाव आईबापांनी ठेवलेलं. गाव बापाचं, न्हायतर नवऱ्याचं. नोकरी पोटासाठी. ह्यात तुमचं तुमी केलेलं काय हाय? नाद सांगा."

काका उभ्याचे बसले.

आमच्याकडे नाद हा शब्द आवाज खाली आणून उच्चारायचा असतो. अमक्याला नाद आहे म्हटलं की कशाचा ते कुणी विचारत नाही. बाटली, पत्ते, तमाशा यांपैकी काहीतरी असणार, हे ऐकणाऱ्याला समजतं. मी हळूच सुचवलं की बाई, आपण 'छंद' म्हणू या. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. छंद निबंधात असतो, त्या म्हणाल्या. माझा आवडता छंद, ओळी दहा. घंटा झाली की संपला. नाद तसा संपत नाही, माणूस जेवायचं विसरतं.

मग ओळखी झाल्या. काकांनी बराच वेळ छताकडे पाहून सांगितलं की लहानपणी पेटी वाजवायचो, नोकरीत राहून गेली, आता पुन्हा बोटं फिरवून बघावीशी वाटतात. शैलावहिनींना सायकल शिकायची होती. चाळिशी उलटल्यावर बाईमाणूस सायकलवर बसलं तर लोक काय म्हणतील, म्हणून त्या माळावर जाऊन शिकत होत्या. दत्तू गॅरेजात नटबोल्ट फिरवायचा, पण त्याचा जीव रंगात होता. उसाच्या ट्रॉलीचा मागचा फाळका रंगवून त्यावर मालकाचं, त्याच्या पोरांचं नाव आणि काय ते शुभवचन तो काढून द्यायचा. माझी पाळी आली. मी म्हणाले, मी इथे नोकरीला आहे.

"ते पोटाचं झालं," बाई म्हणाल्या.

मला नाद कसलाच नाही, मी म्हणाले. खरं तेच सांगितलं.

बाईंना त्याचं वाईट वाटलं नाही, की त्यांनी मला समजावलंही नाही. "मग लिही, सुनंदा, ओळख राहिली. झाली की खोडू."

मी लिहिलं.

हिराबाई ठेंगण्या होत्या. सुती पाचवारी, हातात पुरुषी घड्याळ, खांद्याला कापडी पिशवी. तिच्यात काय असायचं ते मला पाठ आहे, कारण काही शोधायचं असलं की त्या ती आमच्या टेबलावर सगळी उपडी करायच्या: खडू, दोन चष्मे, भाकरीचं फडकं, रंगाच्या वड्या, दाभण, पाहावं तेव्हा एखादं शिकवणीचं पुस्तक, आणि लोकरीचा काळा गोळा टोचलेली टकळी. बोलताना 'आहे'ने सुरू झालेलं वाक्य 'हाय'ने संपायचं. अधिकारी शाळा तपासायला आला की उलटं व्हायचं, असं त्या स्वतःच सांगायच्या.

शिकवण्याच्या त्या पक्क्या होत्या, आणि शिकण्यात तितक्याच कच्च्या. हे मी आदराने लिहिते आहे. त्यांचं चित्र पाहून झाड की कोंबडी असा प्रश्न पडायचा. पेटीवर त्या एकच ओळ वाजवायच्या आणि तीही शेवटाला येऊन अडायची. शैलावहिनींच्या सायकलवर बसून त्यांनी एकदा स्वतःला आणि एका शेळीला ओढ्यात नेलं. यातलं काहीही लपवायचं नाही, हा त्यांचा नियम होता. दुसऱ्या की तिसऱ्या रविवारी त्यांनी आम्हालाही तो लावला. बैठक सुरू झाली की प्रत्येकाने सांगायचं: ह्या आठवड्यात काय बिघडवलं?

सुरुवातीला सगळे लाजायचे. पण बाई आधी स्वतःचं सांगायच्या, इतकं रंगवून, की आपण काहीच बिघडवलं नाही याची दुसऱ्याला खंत वाटावी. ज्याने काही बिघडवलं नाही त्याने काही केलं नाही, असा त्यांचा हिशेब. मला दर वेळी सांगावं लागायचं, काही नाही.

टकळीचं मात्र त्या हसण्यावारी नेत नसत. त्यांचं घर मेंढरांचं. आईबाप, थोरला भाऊ मेंढरांमागे रानोमाळ फिरलेले. कॅनॉलचं पाणी आलं, मेंढरं विकली, ऊस लावला. हिराबाई तेव्हा वसतिगृहात राहून शिकत होत्या. घरातली लोकर कातायची कला त्यांच्या हाती आलीच नाही. पन्नाशी पार केल्यावर त्या ती शिकायला बसल्या आणि गुरू केला थोरल्या भावाला. त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्या उंच, वाळलेले, डोक्याला पटका, उन्हाळ्यातही खांद्यावर घोंगडी. चालता चालता, बोलता बोलता, कधीकधी भांडता भांडता त्यांचा धागा निघत राहायचा. बाईंचा दर वितीला तुटायचा.

तात्या एकदा बाजाराला आले होते तेव्हा व्हरांड्याच्या पायरीवर बसून बघत होते. म्हणाले, "वर्गात पन्नास पोरं सांभाळतीस म्हणं. एक धागा सांभाळंना व्हय तुला?"

"पोरं तुटत न्हाईत," बाई म्हणाल्या आणि तुटलेलं टोक पुन्हा जोडायला लागल्या.

दत्तूच्या रंगाची हकिकत इथेच सांगते, पुढे लागेल. एका रविवारी 'काय बिघडवलं' विचारल्यावर त्याने सांगितलं, काही नाही, आठवडा चांगला गेला, चार ट्रॉल्या झाल्या. बाई नुकत्याच त्यातली एक रस्त्यात बघून आल्या होत्या. फाळक्यावर 'आई-वडिलांचा आशिर्वाद' लिहिलं होतं. बाईंनी विचारलं, आशीर्वादातली वेलांटी कुठली? दत्तू म्हणाला, पहिली. सगळेच तशी लिहितात. बाईंनी फरशीवर खडूने 'आशीर्वाद' लिहिला आणि म्हणाल्या, आईबापांचा आशीर्वाद ऱ्हस्व करू नकोस, त्यांना लांबवर पुरवायचाय.

दत्तू त्या चारही मालकांच्या दारात गेला आणि आपल्या रंगाने वेलांट्या बदलून आला. एका मालकाने त्याला वेड्यात काढलं. दुसऱ्याने चहा पाजला. तेव्हापासून या भागात गळिताच्या हंगामात रस्त्याने ट्रॉली पुढे चालली असली की मी वेलांटी बघते. 'शी' दीर्घ दिसली की ती दत्तूची.

हे सगळं दीड वर्ष छान चाललं. व्हरांड्यात माणसं वाढली, तीन-चार मुलीही यायला लागल्या. दत्तू काकांकडून पेटी शिकायला लागला होता आणि त्याची बोटं रंगाच्या डागांसकट बरी फिरायची.

मग एका रविवारी दत्तू आला तो पायरीवरच बसला. ओळीने सगळ्यांचं झालं. बाईंनी विचारलं, दत्तू, ह्या आठवड्यात काय बिघडवलंस?

"लगीन," दत्तू म्हणाला.

आम्ही हसलो. तो हसला नाही. मग त्याने जे सांगितलं ते असं. वडगाव निंबाळकरहून पाहुणे त्याला बघायला काटेवाडीला आले होते. मुलीचं नाव सुमन. तिचे वडील अबोल, बोलणारे तिचे मामा, गुलाबराव. मुलगी दत्तूने आधी पाहिली होती आणि त्याच्या मनात भरली होती. शेत किती, भाऊ किती, सगळं झाल्यावर मामांनी शेवटचा रिवाजाचा प्रश्न विचारला, पोराला काही नाद? याचं उत्तर ठरलेलं असतं. मुलाच्या बाजूच्या कुणीतरी म्हणायचं की सुपारीच्या खांडाचासुद्धा नाही. दत्तूचा चुलता ते म्हणायला तोंड उघडतच होता. पण दीड वर्ष दर रविवारी हाच प्रश्न ऐकून दत्तूच्या अंगात उत्तर भिनलं होतं. तो ताठ बसून म्हणाला:

"हायत की. दोन हायत. एक रंगाचा आन एक पेटीचा. दर रविवारी बारामतीला बाईंकडं जातो. बाई पैसं घेत न्हाईत."

पाहुण्यांचा चहा कपातच राहिला.

व्हरांड्यात शैलावहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. काका भिंतीकडे वळले होते, त्यांचे खांदे हलत होते. मलाही हसू आवरेना. बाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी दत्तूला विचारलं, तू नंतर सांगितलं नाहीस का, कुठली बाई ते? दत्तू म्हणाला, सांगायला गेलो, पण मामा चपला घालत होते, आणि मी म्हणालो, तुम्हीपण एकदा चला की बाईंकडे.

त्यावर काकांनी व्हरांडाच सोडला.

पण पुढच्या आठवड्यात हसणं संपलं. गोष्ट काटेवाडीहून सणसरला पोचली होती. पोचताना तिला पाय फुटले होते. येणाऱ्या मुली यायच्या थांबल्या. सेक्रेटरींनी मला बोलावून विचारलं की व्हरांड्यात नेमकं काय चालतं. आणखी एकदा असं काही कानावर आलं तर रविवार बंद. दत्तूच्या आईने अंथरूण धरलं. तिला या मुलीत सून दिसली होती. आणि बाईंच्या शाळेत कुणीतरी पालक मुद्दाम येऊन विचारून गेला, बाई, रविवारी असता कुठं?

बाई मला म्हणाल्या, वडगावच्या गाड्यांच्या वेळा बघ.

वेळा मी बघितल्या, जायच्या आणि यायच्याही. तात्यांना सोबत घ्यायचं बाईंनीच ठरवलं. बाई एकटी गेली तर मामा दार उघडतील, कान उघडणार नाहीत. तात्या कुरकुरत आले. पोरांना नाद लावतीस आणि निस्तरायला मला नेतीस, असं गाडीत बसल्यापासून उतरेपर्यंत चाललं होतं. हातातली टकळीही चालली होती.

सुमनचं आणि मामांचं घर एकच; गुलाबराव ओट्यावरच होते. भारी देह, मिशा. बसा म्हणाले, पाणी आलं, आणि नेहमीचा प्रश्न आला, कुठलं पाव्हणं?

मी बाईंकडे पाहिलं. मला वाटलं, आता इथेही नाद सांगतात की काय. पण बाई पदर सावरून बसल्या आणि म्हणाल्या, "नाव हिराबाई. गाव सणसर. ह्या तात्यांची धाकटी बहीण. झेडपीच्या शाळेत मास्तरीण हाय. आन रविवारची बाई म्हणत्यात, ती मीच."

तात्या टकळीवरून नजर न काढता म्हणाले, "आज बरं नाव-गाव आठवलं तुला."

मग बाईंनी सगळं सांगितलं, व्हरांडा, काका, पेटी, वेलांटीसुद्धा. गुलाबरावांनी ऐकून घेतलं. त्यांचा राग निवळला होता, पण माघार घेणं अवघड जात होतं. ते म्हणाले, असेल तसं. पण चार माणसांत पोरगा तोंड वर करून म्हणतो मला दोन नाद आहेत. आमच्यात असलेला नादही कुणी सांगत नाही.

"मंग न सांगणाऱ्याला द्यायची व्हती का पोरगी?" तात्यांनी विचारलं.

ओट्याच्या कडेला बसलेले सुमनचे वडील त्या दिवसात पहिल्यांदा हसले.

मी तेवढ्यात पाण्याचा तांब्या ठेवायला आत गेले होते. सुमन चुलीपुढे चहा गाळत होती. सडपातळ, हनुवटीवर गोंदण, नजर धीट. तिने दबक्या आवाजात मला विचारलं की रविवारी तिथे बायकाही येतात का. मी म्हणाले, येतात. सासर असलेल्या? मी शैलावहिनींची सायकल सांगितली. तिने गाळणं बाजूला ठेवलं आणि चहा घेऊन बाहेर गेली.

बाईंनी तिच्या हातातला कप घेतला आणि तिला विचारलं, नाद काय गं तुझा?

तिची आई दारातून म्हणाली, सैपाक येतो सगळा, भरतकाम करती, शेतातलं...

"ते तुमी सांगितलंत," बाई म्हणाल्या. "तिला सांगू द्या."

सुमन उभीच होती. मामांकडे बघितलं, बापाकडे बघितलं. मग म्हणाली, "घड्याळं उघडायचा."

कुणालाच काही कळलं नाही. आधी उजेड पडला तो मामांच्या डोक्यात.

"म्हंजी दिवाळीपास्नं गजर वाजंना, ते..."

"मीच उघडलं. परत बसवाय जमंना."

ती आत गेली आणि पावडरचा रिकामा डबा घेऊन आली. त्यात चाकं, स्क्रू, एक स्प्रिंग, सगळं कापसात गुंडाळून ठेवलेलं. मामा त्या डब्याकडे बघत राहिले. घड्याळ त्यांनीच पुण्याहून आणलेलं होतं, आणि दुकानदाराने खराब माल दिला म्हणून त्याच्याशी भांडूनही आले होते.

बाईंनी डबा हातात घेतला, चष्मा बदलला, बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, यातलं मला काहीही कळत नाही. पण बारामतीत पोस्टमास्तर काकांच्या ओळखीचा एक म्हातारा घड्याळजी आहे, तो रविवारी रिकामा असतो. एवढं बोलून त्यांनी डबा सुमनच्या हातात परत दिला आणि चहा संपवला. लग्नाचा विषय काढला नाही. परत येताना मी न राहवून म्हणाले, बाई, मुख्य गोष्ट राहिली की. त्या म्हणाल्या, मुख्य तीच होती.

दोन रविवारांनंतर व्हरांड्याच्या दारात गुलाबराव उभे. न सांगता आले होते, बघायला. पेटी चालू होती, बाई चित्र बिघडवत होत्या, दत्तूने मामांना पाहिलं आणि ब्रश डब्यात टाकायच्या ऐवजी चहात टाकला. बाईंनी नियम मोडला नाही. आलेल्याने ओळख करून द्यायची. गुलाबराव म्हणाले, मला कसला नाद, शेतकरी माणूस मी. बाई म्हणाल्या, मग सुनंदा, लिही, ओळख राहिली. मी लिहायला घेतलं.

"थांबा," गुलाबराव म्हणाले. "लिवू नगा."

ते खुर्चीवर बसले, आमच्या वाचनाच्या टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि बोटांनी ढोल वाजवायला लागले. आमच्याकडे जत्रेत धनगरांचा गजी ढोल वाजतो, तो ठेका. आधी हलका, मग चढत गेला. तरुणपणी गावोगाव ढोल वाजवत हिंडायचे; घरची जबाबदारी पडल्यावर ढोल माळ्यावर गेला. वृत्तपत्रं वाचणारे आतून उठून बाहेर आले. सेक्रेटरीही आले. मला वाटलं, आता रविवार बंद. ते शेवटपर्यंत उभे राहिले आणि जाताना मला एवढंच म्हणाले की त्या टेबलाचा एक पाय डुगडुगतो, बघून घ्या.

लग्न त्याच उन्हाळ्यात झालं. पत्रिकेत नावाखाली पदवी छापायची पद्धत आहे. दत्तूकडे पदवी नव्हती आणि जागा रिकामी ठेवायची नव्हती. चि. दत्तात्रय यांच्याखाली कंसात छापलं 'रंग व पेटी', आणि चि. सौ. कां. सुमन यांच्याखाली 'घड्याळ'. लोकांचा समज झाला की नवरीकडचं घड्याळाचं दुकान आहे. वरातीनंतर दुसऱ्याच दिवशी काटेवाडीतला एक म्हातारा आपलं बंद घड्याळ घेऊन दारात हजर. सुमनने ते ठेवून घेतलं. ते सुरू व्हायला वर्ष लागलं, पण झालं. दोघं रविवारी सायकलवर डबलसीट यायची. सेक्रेटरींनी परत कधी काही विचारलं नाही. थांबलेल्या मुलींपैकी दोघी परत आल्या. तिसरी नाही आली; तिचं मला अजून वाईट वाटतं.

मला या बाईंकडून काय मिळालं ते थोडक्यात सांगते. नंतर माझी नोकरी बदलली, हाताखाली माणसं आली. नवीन कुणी रुजू झालं की मी कागद बाजूला ठेवून विचारते, सध्या काय शिकताय? आधी दचकतात, मग सांगतात. एकाने सांगितलं, पोहायला; एकीने सांगितलं, कन्नड, कारण शेजारीण कन्नड बोलते. वर्षानुवर्षं शेजारी बसणाऱ्या माणसांविषयी मला जे कळलं नसतं, ते या एका प्रश्नाने कळलं. हा प्रश्न माझा नाही, हे मी प्रत्येक वेळी सांगते.

माझी स्वतःची ओळख मात्र राहिलेलीच होती. बाईंनी प्रयत्न सोडले नव्हते. पेटी झाली, चित्र झालं, सायकल मला आधीच येत होती. दर वेळी मी ते व्यवस्थित शिकायचे आणि व्यवस्थित सोडून द्यायचे. बाई म्हणायच्या, तू बिघडवतच न्हाईस, तिथंच घोडं अडतंय.

१९९८ मध्ये बाई निवृत्त झाल्या. तात्या त्याआधीच्या हिवाळ्यात गेले होते. बाईंची मुलगी सोलापूरला होती, ती न्यायला येणार होती; बाईंनी सांगितलं, मी काय सामान आहे का, येते माझी मी. निघायच्या दिवशी मी त्यांना बारामतीच्या स्टँडवर सोडायला गेले. एक ट्रंक, एक वळकटी, ती कापडी पिशवी. ट्रंकेवर दत्तूने लाल रंगात मोठ्या अक्षरांत काढलं होतं 'हिराबाई', आणि खाली बारीक अक्षरांत, 'अजून शिकतीय'.

गाडी लागली. बाई खिडकीत बसल्या आणि पिशवीतून एक गाठोडं काढून माझ्या हातात दिलं. काळी लोकर होती, तात्यांनी शेवटची पिंजून ठेवलेली, मेंढरांचा वास येणारी. वर टोचलेली टकळी तात्यांचीच. बाई स्वतःची घेऊन चालल्या होत्या; तोपर्यंत त्यांचा धागा हातभर निघायला लागला होता आणि त्याचा त्यांना कोण अभिमान.

मी म्हणाले, बाई, मला हे येत नाही.

"म्हणून तर देतीय. कातून ठेव. दोघींचं सूत मिळून एक घोंगडी व्हईल."

गाडी हलली. बाईंनी मांडीवर टकळी फिरवायला घेतली होती. स्टँडच्या फाटकाशी गाडी खड्ड्यात गेली, धागा तुटला असणार, कारण त्या खाली वाकल्या आणि खिडकी रिकामी झाली. मी थांबले. गाडी वळायच्या आत त्या पुन्हा वर आल्या, तुटलेलं टोक दोन बोटांत धरून मला दाखवत, हसत.

त्यानंतर भेट झाली नाही. सोलापूरहून पत्रं यायची, त्यात शेवटी हटकून, काय बिघडवलंस? मी कामाचं, घरचं सगळं लिहायचे, तेवढ्याचं उत्तर टाळायचे. पुढे त्या गेल्याची बातमी दत्तूने आणली. मुलीने त्यांचं कातलेलं सूत पाठवलं. ते सुमनकडे आहे, घोंगडीला कमी पडेल इतकंच.

उरलेलं माझ्याकडून यायचं आहे. टकळी मी बऱ्याचदा हातात घेतली. धागा वितीभर येतो आणि तुटतो, जाड निघतो, पीळ सुटतो; दोनदा पदरात गुंता झाला, एकदा लोकर फरशीवर पडून झाडूत गेली. इतकं काही मी आयुष्यात बिघडवलेलं नाही. सुमन दर दिवाळीला विचारते, ताई, किती झालं? तिच्या गजराच्या घड्याळाएवढा एक गोळा झालाय, ओबडधोबड. गाठोडं अजून अर्ध्याहून जास्त आहे. या आठवड्याच्या कामांत ते पुन्हा लिहिलं आहे: लोकर कातणे, बाकी. त्याखाली दुसरं, त्याहून जुनं: सुनंदा, ओळख राहिली.